बंद पडलेल्या कीबोर्डचा मिडी कंट्रोलर: आखाजी ते तुळशीचं लग्न

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या रात्री, म्हणजे 29 एप्रिल 2025 ला, पारोळ्याकडच्या एका गावात हळदीचा प्रोग्राम होता. लाईन जनरेटरवर होती. साडेअकराच्या सुमारास जनरेटर बंद करून परत चालू केला, हॅलोजन एकदम भगभगले आणि माझा कीबोर्ड गप्प झाला. डिस्प्ले काळा, मागच्या बाजूने जळका वास. तो प्रोग्राम ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) आणि ढोलकीवर कसाबसा निघाला. अकरा वर्षं वाजवलेलं वाद्य होतं ते, घरी येताना टेम्पोत मांडीवर घेऊन बसलो होतो.

हे सगळं लिहितोय कारण पुढच्या सहा महिन्यांत मी ज्या ज्या ठिकाणी अडकलो तिथे मराठीत विचारायला मला कोणी सापडलं नाही. आपल्याकडे खान्देशात प्रत्येक तालुक्याला ऑर्केस्ट्रावाले, बँडवाले आहेत, प्रत्येकाच्या माळ्यावर एखादा मेलेला कीबोर्ड पडलेला आहे, त्यातल्या कोणाला तरी उपयोग होईल.

5 मे ला कीबोर्ड सर्व्हिस सेंटरला टाकला. जॉबशीट भरली, तपासणीचे 500 आणि त्यावर जीएसटी धरून 590 रुपये आधीच भरावे लागले. सीझन ऐन भरात, सुपाऱ्या घेतलेल्या, म्हणून एका मित्राचा कीबोर्ड रात्रीला 800 रुपये भाड्याने आणायचो, असे सात प्रोग्राम केले. पाच आठवडे फोन करत होतो, दर वेळी जॉबशीटचा नंबर विचारायचे आणि बघून सांगतो म्हणायचे. 9 जूनला उत्तर आलं, मदरबोर्ड गेलाय आणि तो आता मिळत नाही. वस्तू परत घेताना जॉबशीटची मूळ प्रत मागतात, ती जपून ठेवा, माझी गाडीच्या डिकीत ओली झाली होती तर अर्ज लिहून द्यावा लागला.

नवीन घ्यायचा तर चाळीस हजारांच्या पुढे. मग डोक्यात आलं की मदरबोर्ड मेला असला तरी पट्ट्या तर ठणठणीत आहेत ना, हाताला सवय त्या पट्ट्यांचीच आहे. पट्ट्या ठेवायच्या, मधला मेंदू आपण बनवायचा आणि आवाज दुसरीकडून घ्यायचा. मिडी हे त्यासाठीच आहे. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो, कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. 1983 मधलं हे स्टँडर्ड, तरी तेव्हाचं वाद्य आणि आजचं वाद्य एकमेकांशी बोलतात. धुळ्याच्या एका जुन्या वादकाने काम सोडलंय, त्याच्याकडून मी साऊंड मॉड्यूल, म्हणजे मिडीचा निरोप घेऊन आवाज काढणारा डबा, 6,500 रुपयांना घेतलं. मागे गोल पाच पिनांचं मिडी इन आहे की नाही तेवढं पाहून आणि वाजवून पाहून पैसे दिले.

15 जून, रविवार, पहिला पाऊस पडून गेला होता आणि मी ओसरीत कीबोर्ड उघडून बसलो. आई म्हणाली, "हाई काय पसारा मांडेल शे रे घरमा?" स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात म्हणून पुठ्ठ्यावर कीबोर्डचं चित्र काढून त्या त्या जागी टोचून ठेवले, नंतर या पुठ्ठ्याने फार वाचवलं.

पट्ट्यांखालची पीसीबी, म्हणजे सर्किटची पाटी, बघितली तर 61 पट्ट्यांना 122 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे). म्हणजे एका पट्टीखाली दोन बटणं असतात, पट्टी खाली जाताना एक आधी लागतं, दुसरं जरा नंतर, आणि या दोघांच्या मधला वेळ मोजून जोर कळतो. जोरात मारली तर वेळ कमी, हळू दाबली तर जास्त. एवढी वर्षं वाजवतोय, पण हात हलका ठेवला की आवाज मऊ कसा येतो हे त्या दिवशी कळलं. मला फार भारी वाटलं होतं ते. दोन रिबन बाहेर येत होत्या, मिळून 24 तारा, 8 उभ्या आणि 16 आडव्या, सगळी बटणं त्यांच्या जाळ्यात बसवलेली.

आता कुठल्या दोन तारांमध्ये कुठली पट्टी हे शोधायचं. मल्टीमीटर बझरवर लावून पट्ट्या दाबत बसलो, एकही वाजेना. दोन संध्याकाळी गेल्या, वाटलं पट्ट्याही जळाल्या, खूप उदास झालो होतो. शेवटी अमळनेरच्या आमच्याच गल्लीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक अप्पा आहेत, सत्तरीच्या पुढचे, त्यांच्याकडे सगळं पोत्यात घालून नेलं. त्यांनी मीटर डायोडच्या खुणेवर लावलं, पट्टी दाबली आणि आकडा आला 0.9. म्हणाले, "भो, रबरखाली कार्बन असतो, तो तारेसारखा नसतो, त्याला स्वतःचा रेझिस्टन्स असतो. बझर कसा वाजेल? आणि प्रोब उलटे लावले तर डायोड जाऊच देणार नाही." नुसता डायोड असता तर 0.6 च्या आसपास आला असता, वरचा फरक कार्बनचा. हे लक्षात ठेवा, पुढे याच आकड्यावरून खराब रबर सापडले.

अप्पांनी अजून एक गोष्ट सांगितली जी मी भिंतीवर लिहून ठेवलीय. "रेडिओ बोलत नसला तर आधी सप्लाय बघायचा, मग स्पीकरपासून मागे मागे यायचं. जिथे आवाज सापडला त्याच्या पुढच्या घरात बिघाड." माझा प्रत्येक फॉल्ट याच पद्धतीने सापडला, आणि जेव्हा जेव्हा मी अंदाजाने एकदम तीन गोष्टी बदलल्या तेव्हा दिवस वाया गेला.

चार संध्याकाळी लागल्या, चौकटीच्या वहीत सगळा तक्ता भरला. (एका रिबनची मोजणी मी मागच्या बाजूने केली होती त्यामुळे अर्धा तक्ता उलटा आला, रिबनच्या पहिल्या तारेला आधीच मार्करने खूण करा.)

मधला मेंदू म्हणून आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम टाकता येतो असा छोटा बोर्ड, लावायचा होता. इतक्या तारांना त्यातला साधा ऊनो पुरत नाही, म्हणून मेगा मागवला, क्लोन (दुसऱ्याने बनवलेली नक्कल), 1,280 रुपये, 28 जूनला आला. लॅपटॉपला लावला तर ओळखेना. अशा क्लोनवर बऱ्याचदा सीएच 340 नावाची यूएसबीची आयसी असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, टाकल्यावर लगेच दिसला. मेगाचा अजून एक फायदा, त्याला चार सिरीयल पोर्ट (डेटा ये-जा करायच्या वाटा) आहेत, मिडी मी 18 नंबरच्या पिनवर दुसऱ्या पोर्टला काढली. ऊनोवर मिडी इन शून्य नंबर पिनवर लावलं की प्रोग्रामच अपलोड होत नाही, दर वेळी तार काढावी लागते, इथे ती कटकट नाही.

पिन निवडताना एक शिकलो ते सांगतो. 8 उभ्या तारा 22 ते 29 वर, आडव्या 30 ते 37 आणि 42 ते 49 वर. मध्ये 38 ते 41 मुद्दाम सोडल्या, कारण 30 ते 37 हा आतून एकच पोर्ट, इथे म्हणजे आठ पिनांचा एक गट, आहे आणि 42 ते 49 दुसरा, त्यामुळे आठ पट्ट्यांची बटणं एका फटक्यात वाचता येतात, एकेक पिन विचारत बसावं लागत नाही. पट्ट्या वाचायला जितका वेळ कमी तितका जोर बरोबर मोजला जातो.

जुलैचा पहिला आठवडा नुसता शांततेत गेला, म्हणजे काही वाजतच नव्हतं. स्क्रीनवर पट्ट्यांचे नंबर दिसत होते पण मॉड्यूल ढिम्म. अप्पांच्या पद्धतीने आवाजाच्या टोकाकडून मागे मागे आलो. मॉड्यूलचं मिडी इन बरं आहे का, तर ऑक्टोपॅड लावून बघितला, वाजला. केबल बरी आहे का, तीच केबल, वाजली. म्हणजे बिघाड माझ्या सॉकेटमध्ये. सॉकेटच्या 4 आणि 5 नंबरच्या पिनांमध्ये एक एलईडी लावली, डेटा जात असेल तर ती लुकलुकते, दहा रुपयांत टेस्टर होतो. नाही लुकलुकली. मग सॉकेटकडे नीट बघितलं. मी पिना डावीकडून 1, 2, 3, 4, 5 अशा मोजल्या होत्या, पण या सॉकेटचा क्रम 1, 4, 2, 5, 3 असा असतो! शिवाय सोल्डर मागून करतो तेव्हा हा क्रम उलटा दिसतो. प्लास्टिकवर बारीक आकडे कोरलेले असतात, मोबाईलच्या टॉर्चखाली तिरकं धरलं तर दिसतात. जोडणी तशी सोपी आहे, 4 ला 220 ओमच्या रेझिस्टन्समधून पाच व्होल्ट, 5 ला दुसऱ्या 220 मधून मेगाची 18 नंबर पिन, मधल्या 2 ला ग्राउंड. ते दोन रेझिस्टन्स होते म्हणून चुकीच्या जोडणीतही काही जळलं नाही.

10 जुलै, रात्री पावणेदहा. मधला सा दाबला आणि मॉड्यूलमधून पियानो आला. एकच सूर. मी तो किती वेळ दाबून धरला होता माहीत नाही. आई आतून म्हणाली, "वाजी राहिनं ना रे!" आणि बाहेर येऊन बसली, तिला मग कानबाईच्या, आपल्या खान्देशातल्या देवीच्या, गाण्याची एक ओळ वाजवून दाखवली.

एक ओळच, कारण पुढे सगळं गडबडलं होतं. प्रत्येक सूर एकतर कानठळ्या बसवणारा नाहीतर ऐकूच न येणारा. आठ दिवस मी प्रोग्राममध्ये जोराचं गणित बदलत बसलो. गणित बरोबर होतं. बघायला सोपं जावं म्हणून मी प्रत्येक पट्टीला स्क्रीनवर मजकूर छापत होतो आणि तो 9600 च्या वेगाने, म्हणजे एक अक्षर जायला साधारण एक मिलीसेकंद, वीस अक्षरांच्या ओळीला वीस मिलीसेकंद, आणि जोरात मारलेल्या पट्टीच्या दोन बटणांमधला वेळच मुळात चार-पाच मिलीसेकंदांचा! छापणं बंद केलं आणि हात एकदम मोकळा झाला. अजून एक होतं, अगदी हळू दाबली की पट्टी मुकी राहायची, कारण माझ्या गणितात जोर शून्य यायचा आणि मिडीत शून्य जोराने दाबलेली पट्टी म्हणजे सोडलेली पट्टी. कमीत कमी 1 पाठवा.

3 ऑगस्टला कानबाई बसणार होती आणि गल्लीतल्या कार्यक्रमात हा कीबोर्ड वाजवायचा असं मी मनाशी ठरवलं होतं. 1 तारखेला रिहर्सलला वरच्या सप्तकातले सूर अडकायला लागले, पट्टी सोडली तरी सूर चालूच, आणि सहा पट्ट्या दोन-दोनदा वाजायच्या. लटकलेले सूर बंद करायला मी एक लाल बटण लावलं होतं, सोळाही चॅनलला कंट्रोल नंबर 123 पाठवणारं, हे बटण प्रत्येकाने लावाच. पण देवीसमोर असं वाद्य घेऊन बसायची हिंमत झाली नाही, कानबाईला पेटीच वाजवली. रोटांच्या पंगतीत सगळे विचारत होते काय झालं, मला बोलवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मीटर डायोडवर लावून 122 बटणं तपासली. चांगल्या रबरला आकडा 0.8 ते 1.1, खराबला 1.9 किंवा काहीच नाही. अशी 14 निघाली, सगळी जिथे मागे एकदा सरबत सांडलं होतं त्या भागात. आयसोप्रोपाईल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने हलक्या हाताने पुसलं, आठ सुधारली. घासायचं नाही, कार्बन निघून येतो, मी एक तशीच घालवली. बाकीच्यांना नवीन रबरपट्टी हवी होती आणि ती देशात मला कुठे मिळाली नाही, 6 ऑगस्टला परदेशातून मागवली, 2,150 रुपये.

इथे कागदपत्रांचं सांगतो कारण पहिल्यांदा मागवणारा माणूस इथे घाबरतो. पार्सल मुंबईत आल्यावर कुरियरकडून मेसेज आला की केवायसी करा, नाहीतर कस्टममधून सुटणार नाही. आधी मला तो फसवणुकीचा मेसेज वाटला, म्हणून लिंक न दाबता कुरियरच्या साईटवर स्वतः जाऊन पार्सल नंबर टाकून खात्री केली, तुम्हीही तसंच करा. आधार अपलोड केलं, दोन दिवसांनी रिजेक्ट. ऑर्डरवर माझं नाव आणि आडनाव एवढंच, आधारवर वडिलांच्या नावासकट. परत अपलोड, सोबत पैसे भरल्याची पावती आणि सही केलेलं पत्र की दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत, तेव्हा मंजूर झालं. मग वस्तू काय आहे ते विचारलं, मी लिहिलं वाद्याच्या दुरुस्तीचा रबरी सुटा भाग, वैयक्तिक वापरासाठी. ड्युटी आणि हाताळणी मिळून 780 भरले. 25 ऑगस्टला घरी, एकूण 19 दिवस. ऑर्डर करतानाच आधारवरचं पूर्ण नाव टाकलं असतं तर आठवडा वाचला असता.

रबर बसवल्यावर पट्ट्या अगदी नव्यासारख्या. गणपतीत दहा दिवस रोज रात्री वाजवत होतो, हेडफोन लावून.

सप्टेंबरमध्ये नॉब आणि मिडी इन. नॉब चार, आवाज, टोन, रिव्हर्ब आणि मॉड्युलेशन. दुकानात 10 के चे पॉट (नॉबखाली बसणारा, फिरवून बदलणारा रेझिस्टन्स) मागितले तर ए वाले दिले, ते व्हॉल्यूमचे असतात, सुरुवातीला काही होत नाही आणि शेवटी एकदम उडी मारतात. मागताना बी 10 के म्हणा. बसवल्यावर नॉबला हात न लावता आकडे थरथरत होते, 63, 64, 63, 64, सगळी मिडी त्यानेच भरून जायची. मधल्या पायापासून ग्राउंडला 0.1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला आणि प्रोग्राममध्ये सांगितलं की वाचलेला आकडा 1023 पैकी आठपेक्षा जास्त हलला तरच पाठव. शांत झालं.

मिडी इन मला यासाठी हवं होतं की मॉड्यूलला इन एकच, आणि ऑक्टोपॅडही माझ्या कीबोर्डमधून त्याच मॉड्यूलवर वाजवायचा होता. त्याला 6एन138 नावाची ऑप्टोकपलर आयसी लागते. जळगावला दोन दिवस फिरलो, मिळाली नाही, एका ठिकाणी पीसी817 दिली, दोन्ही सारख्याच म्हणून. लावली, तर ऑक्टोपॅडवर कडकडाट वाजवला की मधूनच भलतेच सूर, हळू वाजवलं तरी. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट, म्हणजे एक बिट फक्त 32 मायक्रोसेकंदांचा, आणि माझ्या जोडणीत ही आयसी बंद व्हायलाच इतका वेळ घेत होती की पुढचा बिट तिच्यात बुडून जायचा. शेवटी खान्देश एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून 12 सप्टेंबरला, शुक्रवारी, मुंबईत लोकलने ग्रँट रोडला उतरून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे सुट्ट्या दोन आयसी काहीही न बोलता काढून दिल्या, 110 रुपये. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, मधल्या वारी जा, आणि कागदावर आयसीचा पूर्ण नंबर लिहून न्या.

नवी आयसी लावली, सूर बरोबर आले, पण मोठ्या साऊंडवर भुणभुण. या ऑप्टोकपलरचं कामच दोन वाद्यांची वीज वेगळी ठेवायचं आहे, निरोप प्रकाशातून जातो, तार जुळत नाही. आणि मी मिडी इनच्या सॉकेटवर 2 नंबरची पिन ग्राउंडला जोडून ठेवली होती. आउटला जोडायची असते, इनला मोकळी सोडायची. ती एक तार कापली आणि भुणभुण गेली.

11 ऑक्टोबरला चोपड्याला रिहर्सल होती. भर दुपारी बंद टेम्पोत कीबोर्ड दोन तास पडून होता, काढून जॅक घालायला गेलो तर सॉकेट आत गेलं. ग्लूगनचा डिंक उन्हाने लोण्यासारखा झालेला. ऑक्टोबरात ही गत तर आपल्या मे महिन्यात काय होईल! सगळे सॉकेट पत्र्याची पट्टी कापून नटबोल्टने बसवले, आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर काढून नऊचा लावला, कारण बाराने मेगावरचा रेग्युलेटर हाताला चटका बसेल इतका तापत होता.

खर्च एकत्र सांगतो. तपासणी 590, मेगा 1,280, सॉकेट-आयसी-पॉट-वायर वगैरे सगळं किरकोळ 640, सोल्डरिंग आणि मल्टीमीटर 890, लॅपटॉपवर मिडी बघायला यूएसबी केबल 650, रबर ड्युटीसकट 2,930, मुंबईचा प्रवास 900, मॉड्यूल 6,500. एकूण 14,380 रुपये, भाड्याचे 5,600 वेगळे. (यूएसबी-मिडी केबलवर इन लिहिलेला जॅक बहुतेक वेळा वाद्याच्या आउटला लागतो, पण काहींवर उलटं असतं, चालली नाही तर आधी अदलाबदल करून बघा.)

2 नोव्हेंबरला तुळशीचं लग्न होतं आणि गल्लीतच कार्यक्रम ठेवला. लाईन यावेळी घरातून घेतली, कीबोर्डच्या आधी स्टॅबिलायझर. अप्पा समोर खुर्ची टाकून बसले होते. दीड तास वाजवला, लाल बटण एकदाही दाबावं लागलं नाही. शेवटच्या गाण्यात वरच्या सप्तकातली तिसरी काळी पट्टी एकदा दोनदा वाजली, बाकी कोणाला कळलं नाही, अप्पांनी लगेच बोट वर केलं. परवा रविवारी परत उघडतोय, ते म्हणालेत मीटर घेऊन येतो.